ताईचं घर आणि एक वेळचं जेवण

ताई,

तू गेल्यापासून मी घरातले सगळे दिवे दुपारीच लावून ठेवतो. संध्याकाळ व्हायची वाट बघण्याची हिंमत होत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "वीजबिल काय तुझा सासरा भरणार आहे?" मला बायको नाही तिथे सासरा कुठला, हे माहीत असूनही म्हणाली असतीस. आणि मग स्वतःच उठून पॅसेजमधलाही दिवा लावला असतास.

मला भीती वाटते. आधी हे सांगून टाकतो. तुझ्या जलदानविधीच्या दिवशी, समाजमंदिरातल्या शोकसभेत, लोक तुझ्याबद्दल एवढं चांगलं बोलले की माझ्यासाठी सांगायला तेवढंच उरलं आहे. सुनंदाताई किती मनमिळाऊ, सुनंदाताई किती कष्टाळू. तू माझ्याशी किती भांडायचीस ते कुणी बोललं नाही. लोकांना ते माहीत नव्हतं. त्यांना माझ्या डोळ्यांचंही माहीत नव्हतं.

लहानपणी आपल्या चाळीतल्या बाया म्हणायच्या, मिलूचे डोळे अगदी आईवर गेलेत. तेव्हा तू चिडायचीस, कारण तुझे बाबांवर गेले होते, बारीक. मग मी चाळिशी ओलांडली आणि डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आईचाच आजार आहे. डोळ्यामागचा पडदा सुकत जातो. आधी रात्रीचं जातं, मग बाजूचं, मग समोरचं. त्यावर औषध नाही. दवाखान्यातून आपण दोघं नेरुळच्या घरी आलो, तू चहा ठेवलास आणि म्हणालीस, "चला, निदान तुला बाबांचे बारीक डोळे नाही मिळाले." मी हसलो होतो. तू मात्र चहात साखर टाकायला विसरली होतीस आणि आपण दोघंही तो तसाच प्यायलो.

आता मला जग दिसतं ते वर्तमानपत्राची गुंडाळी करून तिच्यातून बघावं तसं. समोरचं नीट दिसतं. समोर असलेल्या कंटेनरचा नंबर मी अजून वाचू शकतो, म्हणून द्रोणागिरीच्या यार्डात माझी नोकरी टिकून आहे. नंबर बघायचा, सील बघायचं, लिहून घ्यायचं. पण दोन कंटेनरच्या मधून बाहेर पडताना बाजूने ट्रेलर येतोय की नाही हे मला कळत नाही. मी थांबतो, मान पूर्ण डावीकडे वळवतो, पूर्ण उजवीकडे वळवतो, आणि तोवर डावीकडे काय आलं ते पुन्हा माहीत नसतं. तुझ्या जलदानाच्या आदल्या आठवड्यात एक ट्रेलर मागे येत होता. ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि खिडकीतून ओरडला, "ए भाऊ, दिसत नाय का तुला?" आजवर ही शिवी मी शंभर माणसांना दिली असेन. उत्तर म्हणून मी नुसता हात वर केला, सॉरीचा. नंतर पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसलो. पूर्वी असं काही झालं की घरी येऊन तुला सांगायचो. तू शिव्या द्यायचीस, ट्रेलरवाल्याला, मालकाला आणि मला, आणि मग मला जेवण जायचं.

तू रस्त्याने किती कटकट करायचीस! सेक्टरातल्या लोकांना वाटायचं, या बाईला महापालिकेशी जन्माचं वैर आहे. "बघ, इथे पण खड्डा. बघ, ही फरशी उचकटलीय. आता हे झाकण कोणी उघडं टाकलं? आणि हा बघ, मोटारसायकल फुटपाथवर लावून गेला, बापाचा फुटपाथ!" नेरुळच्या मासळी बाजारापर्यंत हे चालायचं. कोळणी हसायच्या. तू तक्रार करत नव्हतीस, मला रस्ता वाचून दाखवत होतीस, हे त्यांना कधी कळलं नाही. चारचौघांत माझा हात धरला तर मला लाज वाटेल म्हणून तू बिचारी जगभर भांडखोर ठरलीस. याबद्दल मी तुझे आभार मानायचे राहिले. मानले असते तर म्हणाली असतीस, "पुरे, मांदेली धर."

तुझे डोळे आम्ही दान केले. तू फॉर्म भरून ठेवला होतास, आणि त्या दिवशी नेत्रपेढीला फोन करायचं भान मला राहिलं, ही एक गोष्ट मी नीट केली. ते लोक आले, त्यांनी हळू आवाजात काम केलं, हात जोडले आणि निघाले. मी त्यांच्यामागे दारापर्यंत गेलो आणि एकाला विचारलं, "एक मला बसवता येईल का?" तो घाबरलाच. मग समजावून सांगायला लागला की काका, यातला फक्त पुढचा काचेसारखा भाग बदलता येतो, मागचा पडदा नाही. मला हे ठाऊक होतं. तरी विचारलं. तुझ्या डोळ्यांनी आता कुणीतरी दोघं बघतील आणि त्यात मी नसेन, हे त्या क्षणी सहन झालं नाही.

खरी भीती अंधाराची नाही, ताई. अंधाराची असती तर एक वेळ परवडलं असतं. भीती आहे ती आईच्या पलंगाची. आईचं दिसणं गेलं तेव्हा आपण काय केलं? तिला काहीही करू दिलं नाही. जी बाई अख्ख्या चाळीचं पाणी भरायची, गावच्या मंडळाच्या सभेत पुरुषांना गप्प करायची, तिला आपण म्हणालो, उठू नकोस, पडशील. गॅसजवळ जाऊ नकोस, भाजशील. ताट हातात देत होतो, चप्पल पायात घालत होतो. सगळं प्रेमापोटीच. मग वर्षानुवर्षं आई त्या खिडकीजवळच्या पलंगावर बसून राहिली. शेवटी शेवटी तिला पाणी मागायचीही भीती वाटायची, आपल्याला त्रास होईल म्हणून. तहान लागली तरी गप्प बसायची. तिच्यानंतर तू एकदा भाजी निवडता निवडता म्हणालीस, "आजाराने आईचे डोळे नेले. हातपाय आपण नेले." मी उठून बाहेर गेलो होतो. त्यानंतर हा विषय आपण कधी काढला नाही, आणि आता काढता येणार नाही.

तुझ्या डोक्यात हे कुठून आलं ते मला माहीत होतं. सरोजमॅडम. तुझ्या कचेरीत टेलिफोनच्या बोर्डवर बसायच्या त्या. जन्मापासून दिसत नाही, मूळच्या परभणीकडच्या, आणि जेवणाच्या सुट्टीत तुझ्याशी डबा वाटून खाणाऱ्या. त्यांच्या ठेच्याचं तू एवढं कौतुक करायचीस की मला तुमच्या मैत्रीचा राग यायचा. निवृत्त झाल्यावर त्या पावणे गावाकडच्या कारखान्यांमधल्या त्या अंधांच्या संस्थेत शिकवायला लागल्या, आणि तू दर शनिवारी तिथे जायला लागलीस. ज्यांचं दिसणं मधल्या वयात गेलंय अशा माणसांना तिथे काम शिकवतात. पण घर चालवायला शिकवायची सोय नाही, हे तू मला जेवताना सांगायचीस. खरं स्वयंपाकघर नाही, खरं न्हाणीघर नाही. माणूस पाकिटं भरायला शिकतो आणि घरी जाऊन पलंगावर बसतो.

तू मला तिथे एकदाच नेऊ शकलीस. मी फाटकापर्यंत आलो. आतून काठ्यांचा टकटक आवाज येत होता आणि कुणीतरी खदाखदा हसत होतं. मी म्हणालो, "तू जा, मी टपरीवर चहा घेतो." तू आत गेलीस. मी चहा घेतला नाही, नुसता उभा राहिलो. मला वाटत होतं, या फाटकाच्या आत पाय टाकला की मी त्यांच्यातला झालो. बाहेर आहे तोवर मला दिसतं.

त्यानंतर काही महिन्यांनी तू मृत्युपत्र केलंस आणि लपवाछपवी न करता माझ्यासमोर ठेवलंस. तुझं घर तुझ्यानंतर त्या संस्थेचं. तिथे नव्याने दिसेनासं झालेल्या लोकांना स्वयंपाक, धुणंभांडी, इस्त्री, बाजारहाट शिकवायचं. आतली खोली मी जिवंत असेपर्यंत माझी. आपण त्या दिवशी किती भांडलो! मी म्हणालो, मला सोडून तू परक्यांना घर देतेस. तू म्हणालीस, "परके कसे? तुझेच." मी ताट ढकललं. माझ्या घरात रोज सकाळी काठ्या टकटक करत आंधळी माणसं येणार, आणि मी आतल्या खोलीत बसून ते ऐकणार? ज्या फाटकातून मी पळून आलो, ते तू उचलून माझ्या दारात आणून लावलंस. तू म्हणालीस, "मिलू, हे घर तुझ्या नावावर केलं तर तू काय करशील?" मी म्हणालो, राहीन. तू म्हणालीस, "नाही. दार लावून घेशील."

याला मी आजवर उत्तर दिलेलं नाही. कारण तू बरोबर होतीस, आणि तू बरोबर असलीस की मला तुझा भयंकर राग यायचा.

तू गेल्यानंतर विजयदादा आला. आपला चुलतभाऊ, पण सख्ख्यापेक्षा जास्त धावणारा. घणसोलीहून टेम्पो घेऊन आला, मांडव, खुर्च्या, जेवण, मंडळाला निरोप, सगळं त्यानेच बघितलं. मी नुसता बसून होतो. कपाट आवरताना तो कागद त्याच्या हाती लागला. त्याने दोनदा वाचला.

"हे काय रं? अंधांना घर? आपल्या घरात आता कोन आंधळं हाय?"

मी माझ्या ताटातल्या भाताकडे बघत राहिलो.

"काकी होती तवा गोष्ट येगळी. ताईच्या मनाला लागलं असंल, म्हणून केलं. पन तू टेन्शन घेऊ नको. सोसायटीत नॉमिनी कोन हाय? तूच ना? मग विषय संपला. कागद कुनी बघितलाय?"

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे तू मला वकिलासमोर बसवून दोनदा समजावलं होतंस. दादाला ते मी सांगितलं नाही. तो कपाट बंद करून माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तुझा भाऊ हाय मी. तुला रस्त्यावर येऊ देनार नाय." त्याच्या हाताचं वजन मला बरं वाटलं. खरं सांगतो ताई, त्या वेळी मी मनात कागद फाडलाच होता. घर माझं, दार लावलेलं, आणि कुणाला काही सांगायची गरज नाही.

जलदान सेक्टरातल्या समाजमंदिरात झालं. तुझा तो कचेरीच्या ओळखपत्रासाठी काढलेला फोटो मोठा करून ठेवला होता. तू त्यात कुणावर तरी रागावल्यासारखी दिसतेस. बहुतेक फोटोग्राफरवर. त्रिशरण, पंचशील झालं. बौद्धाचार्य गाथा म्हणत होते आणि मी न् दादा मिळून तांब्यातून पाण्याची धार धरली होती. खालचं भांडं भरून पाणी वाहायला लागलं ते मला दिसलं नाही. बोटांना गार लागलं तेव्हा कळलं.

मग आदरांजल्या सुरू झाल्या आणि लांबत गेल्या. मंडळाचे अध्यक्ष, तुझ्या कचेरीतले, शेजारचे. माझ्या यार्डातले दोघं मागे बसले होते. दाराबाहेरचा उजेड कमी होत होता आणि माझं सगळं लक्ष तिकडे होतं. अंधार व्हायच्या आत हे संपू दे, एवढंच मनात चाललं होतं. सरोजमॅडम पुढच्या रांगेत पांढऱ्या साडीत, काठी मिटून मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

शेवटी आपल्यात करतात तशी दानाची घोषणा. दादाने परस्पर चिठ्ठी देऊन ठेवली होती. बौद्धाचार्यांनी वाचलं, "कालकथित सुनंदाताईंच्या पुण्यस्मरणार्थ त्यांचे बंधू मिलिंद यांच्याकडून विहारास दोन पंखे, तसेच अंध बांधवांना एक वेळचं गोड जेवण!" सगळा हॉल म्हणाला, "साधु, साधु, साधु."

दादाने कपट केलं असं मी म्हणणार नाही. त्याला मनापासून वाटत होतं की यात तुझी इच्छाही राहिली आणि माझं घरही राहिलं. अंधांसाठी काहीतरी करायचं म्हणजे जेवण घालायचं, एवढंच आपल्या लोकांना सुचतं. आईलाही आपण जेवणच घातलं.

मी सरोजमॅडमकडे बघितलं. त्यांना कागदाचं माहीत होतं, तूच वाचून दाखवला होतास. त्या उठल्या नाहीत. त्यांनी हात जोडले आणि सगळ्यांबरोबर "साधु" म्हणाल्या. चेहरा अगदी साधा. अशी जेवणं त्यांना जन्मभर मिळाली असणार आणि दर वेळी त्यांनी असेच हात जोडले असणार. ताई, मला तेव्हा एवढी भीती वाटली की यार्डात ट्रेलरसमोरही वाटली नव्हती. थोड्या वर्षांनी त्या खुर्चीत मी असेन. कुणीतरी माझ्यासाठी एक वेळचं गोड जेवण जाहीर करेल, आणि मी हात जोडेन.

मी माईक कसा घेतला ते आठवत नाही. वायरीत पाय अडकला एवढं आठवतं.

"थांबा," मी म्हणालो. "जेवण नाही. ताईने घर दिलंय. तिचं राहतं घर. तसा तिने कागद केलाय आणि तो माझ्याकडे आहे. मोठेपणी ज्यांचं दिसणं जातं त्यांना तिथे घर चालवायला शिकवतील." पुढे काय बोलावं ते सुचेना, म्हणून म्हणालो, "पंखे राहू द्या."

कुणीतरी हसलं. बौद्धाचार्यांनी दादाकडे बघितलं असावं, कारण त्यांना जरा वेळ लागला. मग ते म्हणाले, "साधु." या वेळी लोक एकदम नाही म्हणाले, इथून तिथून एकेक आवाज आला. खरी गोष्ट मी अजूनही सांगितली नव्हती. घर देणं सोपं होतं, ते तुझं होतं.

दादाने मला खांबाआड ओढलं. "येडा हायस काय? परक्यांना घर, आन तू एका खोलीत? ताईला तुझ्याबद्दल काय वाटत नव्हतं काय?" त्याचा आवाज फाटला होता. आपल्या दादाला रडताना मी प्रथमच ऐकलं. उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. जिभेवरून पुढे सरकेना.

लोक पांगायला लागले. बाहेर ती वेळ झाली होती, रस्त्यावरचे दिवे लागायच्या आधीची, मला सगळ्यात वाईट. समाजमंदिराच्या दारात मी उभा राहिलो. समोर पायऱ्या आहेत हे माहीत होतं, पण दिसत काहीच नव्हतं, नुसतं राखाडी. बाजूला सरोजमॅडम येऊन उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "मिलिंदभाऊ, माझं कोपर धरा. सांजच्याला तुम्हाला दिसत नाही म्हणत होती सुनंदा."

तू सांगितलं होतंस! आपल्या दोघांतली गोष्ट! मेल्यावरसुद्धा तुझ्याशी भांडायचं कारण तू शिल्लक ठेवलंस. तो राग अजून आहे, आणि त्या रागातच मी त्यांचं कोपर धरलं. त्या अर्धं पाऊल पुढे, काठी समोर. मी मागे. एकेक पायरी त्या उतरल्या की कोपर खाली जायचं आणि मला कळायचं. मागून मंडळातल्या कुणी बाई म्हणाल्या, "बघा ना, मिलिंद कसा बिचारीला धरून नेतोय." मॅडमना हसू आलं, कोपर हललं. मला आलं नाही.

गेटाशी रिक्षा उभी होती. रिक्षावाल्याने डोकं बाहेर काढलं आणि लोक विचारतात तसं, त्यांना सोडून मला विचारलं, "मॅडमना कुठं सोडायचं?"

मागे चपलांचा आवाज थांबला होता. दादा आहे हे मला त्याच्या खोकण्यावरून कळलं. यार्डातले दोघंही बहुधा तिथेच होते. कोपर अजून माझ्या हातात होतं.

"त्यांनाच विचारा," मी म्हणालो. "मलाही दिसत नाही."

एवढं मोठ्याने म्हणालो की रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं. दादा मागून धावत आला. "काय बोलतो हायस? मिलू, काय बोलतो हायस?" त्याने माझ्या दोन्ही खांद्यांना धरलं, माझ्या डोळ्यांत बघितलं असावं. मग वळून आत ओरडला, "अरं खुर्ची आना रं! आदी खुर्ची आना!" कुणीतरी पळत खुर्ची आणली. ती माझ्या पोटऱ्यांना लागली. दादा रडत, विनवत मला खाली दाबत होता.

ताई, मी उभाच राहिलो.